बोरसे साहेबांचं घरगुती तेलपाणी

गॅरेजवाल्याला किस्से शोधायला जावं लागत नाही. ते स्वतः चालत येतात, आणि ज्यांना चालता येत नाही ते टोचन लावून येतात. नशिराबादच्या अलीकडे हायवेला आमचं गॅरेज आहे, माझं आणि रशीदभाईंचं, भागीत. बावीस वर्षं झाली. पूर्वी चहाला मित्र जमले की वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे किस्से निघायचे. आता एकच फर्माईश असते, "अरुण, साहेबांचं सांग." बाकीचे सगळे मागे पडले.

साहेब म्हणजे बोरसे साहेब. राहायला जळगावात, मेहरूणला, स्वतःचा बंगला. सरकारी खात्यात इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक तलावाला चकरा मारायला लागले. साहेबांनी चौदा फुटी सेकंडहँड ट्रक घेतला. "माणसाने हाताला काम ठेवावं," म्हणाले. हाताला काम म्हणून लोक कुंडीत मोगरा लावतात. असो.

ट्रकवर ड्रायव्हर ठेवला गुलाब. धुळे तालुक्यातला, चाळिशीचा, शांत माणूस. पंधरा वर्षं स्टेअरिंगवर, कुठे खरचटलंसुद्धा नाही. ट्रक त्याला कळायचा. साहेब मात्र त्याला शेवटपर्यंत कळले नाहीत.

ट्रक घेऊन महिना झाला आणि साहेब एक दिवस मोबाइल हातात धरूनच गॅरेजवर आले.

"अरुण, तेलपाणी आता घरीच करणार. ऑइल, कूलंट, ब्रेक, सगळं. व्हिडिओ बघितले मी. वीस मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, "साहेब, आधी कधी केलंय का?"

"मी इंजिनियर आहे."

एका ट्रकखालून रशीदभाईंचा आवाज आला, "कालव्यांचे."

साहेब हसले. म्हणाले, "पाणी काय आणि तेल काय, वाहतं ते सगळं सारखंच."

या एका वाक्यावर आमचं पुढचं दीड वर्ष गेलं.

*

पहिली सर्व्हिस त्यांनी रविवारी केली. ट्रक बंगल्याच्या फाटकात अर्धा आत, अर्धा रस्त्यावर. तेल धरायला भांडं हवं म्हणून बायकोची, मालतीवहिनींची, पुरणाची परात आणली. वहिनी देवळात गेल्या होत्या. साहेबांनी खाली झोपून एक नट सोडला, तेल आलं, सगळं निथळू दिलं, नट लावला. मग वर येऊन झाकण उघडलं आणि नवं कोरं तेल डबाभर ओतलं. सगळं व्हिडिओसारखं. फक्त खालचा नट गिअरबॉक्सचा होता आणि वरचं झाकण इंजिनाचं.

म्हणजे इंजिनात जुनं तेल होतंच, त्यावर नवं. आणि गिअरबॉक्स कोरडा ठणठणीत.

सोमवारी सकाळी गुलाबचा फोन आला. "अरुणभाऊ, गिअर रडी राहिना." मागे खरंच असा आवाज की फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हटलं, आहेस तिथेच थांब. जाऊन बघतो तर सायलेन्सरमधून निळा धूर आणि गिअरमधून किंचाळी.

साहेब मागून स्कूटरवर आले. रशीदभाईंनी त्यांना सगळं दाखवलं, नट दाखवला, झाकण दाखवलं. साहेब म्हणाले, "पण तेल तर निघालं होतं."

रशीदभाई म्हणाले, "साहेब, तुमच्या पंगतीत एक उपाशी उठला आणि एकाला दोनदा वाढलं."

संध्याकाळी वहिनींचा फोन आला होता म्हणे साहेबांना. एवढंच बोलल्या, "परात तिकडेच ठेवा, घरी आणू नका." ती परात अजून आमच्याकडे आहे. नट-बोल्ट धुवायला फार चांगली.

*

एखाद्याने यानंतर नाद सोडला असता. साहेबांनी वही केली. वहीत रोज सकाळी इंजिनाच्या तेलाची पातळी लिहायची. पट्टी काढायची, पुसायची, घालायची, परत काढायची. पद्धत अगदी बरोबर.

आठ दिवसांनी गुलाब ट्रक घेऊन आला. इंजिन परत तेल ओकत होतं. साहेब सोबत बसून आले होते, वही घेऊन. म्हणाले, "रोज पातळी कमी दाखवत होती, मी रोज थोडं थोडं टाकत होतो. कुठेतरी गळती आहे. तुमच्या लक्षात आली नाही."

रशीदभाईंनी पट्टी काढली. पातळी वरच्या खुणेच्या दोन बोटं वर.

मी विचारलं, "साहेब, ट्रक उभा कुठे असतो?"

"फाटकात. नेहमीसारखा."

फाटकात चढ आहे. ट्रकचं तोंड वर, मागची बाजू खाली. तेल मागे सरकतं, पट्टीला लागत नाही. गाडी सपाटीवर उभी करून तेल बघायचं, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी सांगतात.

रशीदभाई पट्टी पुसत पुसत म्हणाले, "साहेब, नोकरीत तुमचं मुख्य काम काय होतं?"

साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "लेव्हल घेणं."

*

मे महिना. जळगावचा मे, दुपारी एकची वेळ. ट्रक भुसावळहून आला तोच तापलेला. साहेब बंगल्याच्या दारात कूलंटचा डबा घेऊन वाटच बघत होते.

गुलाब म्हणाला, "साहेब, थांबा, गरम शे."

साहेब म्हणाले, "मी मॅन्युअल वाचलंय."

आणि रेडिएटरचं टोपण फिरवलं. वाफेचा फवारा असा उडाला की टोपण शेजारच्यांच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडलं. साहेबांच्या हाताला कोपरापर्यंत चटका बसला. चेहरा वाचला तो गुलाबमुळे. त्याने त्यांना मागच्या मागे ओढलं, नाहीतर तोंडावर आलं असतं.

तीन दिवसांनी पट्टी बांधलेला हात घेऊन साहेब गॅरेजवर आले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी चहा मागवला. रशीदभाईंना मात्र एका गोष्टीचा छडा लावायचा होता.

"साहेब, मॅन्युअलमध्ये लिहिलंय ना, गरम असताना उघडू नका? लाल चौकटीत असतं."

"असेल."

"मग वाचलं कसं नाही?"

"वाचणार होतो," साहेब म्हणाले. "पण टोपण फार गरम होतं. धरायला काही नव्हतं म्हणून मॅन्युअलनेच धरलं."

*

मग युरिया. नव्या गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी दुसरी एक छोटी टाकी असते. धूर स्वच्छ करायला तिच्यात एक तयार पातळ द्रव टाकतात. पंपावर डब्यात मिळतो. त्याचं इंग्रजी नाव कोणी घेत नाही, ड्रायव्हर लोक त्याला सरळ युरिया म्हणतात.

गुलाबने एक दिवस समोरचा दिवा बघून सांगितलं, "साहेब, युरिया टाकना पडी."

साहेब म्हणाले, "मी आणतो." आणि कृषी सेवा केंद्रात गेले.

पुढचं सांगायला नको, पण सांगतोच. खताची गोणी फोडली, बादलीभर पाण्यात युरिया काठीने ढवळला, जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळला. दोनदा गाळला, हे ते आम्हाला तीनदा म्हणाले. आणि टाकी भरली.

ट्रक धरणगावहून कापूस भरून निघाला. गावाबाहेर येईपर्यंत ठीक होता. मग इंजिनाने जोर सोडला. गाडीतल्या कॉम्प्युटरला कळलं की टाकीत भलतंच काहीतरी आहे, त्याने गाडीचा वेगच आवळला. गुलाब सांगतो, पाय दाबून फळीला लावला तरी गाडी सायकलच्या चालीने चालली. एक म्हातारे बाबा खरोखरच सायकलवर मागून आले, शेजारून चालले, ताडपत्रीखालून निघालेला कापूस दाखवत "भाऊ, ताडपत्री सुटनी" म्हणाले आणि पुढे निघून गेले.

आम्ही टाकी उघडली तर आत पांढरे खडे. रशीदभाईंनी एक खडा बोटावर घेतला, उन्हात धरला.

"साहेब, खत अस्सल आहे. टाकीत कपाशी लावा."

साहेब अजिबात वरमले नाहीत. उलट गुलाबकडे बोट दाखवून म्हणाले, "हाच म्हणाला, युरिया. मी शब्दाला धरून चालणारा माणूस आहे."

*

एकदा असाच चहा चालला होता. साहेब नव्हते. मी त्यांची नक्कल करत होतो, फडक्यातून गाळण्याची. सगळे हसत होते. मी म्हटलं, "अशा माणसाला पाना हातात देणं गुन्हा आहे. आपल्यातला कोणी इतका बावळट होता का कधी?"

रशीदभाईंनी बशी खाली ठेवली. "अरुण, तू माझ्याकडे शिकायला आलास त्या वर्षी डिझेलच्या टाकीत काय ओतलं होतंस, सांगू का यांना?"

मी म्हटलं, "नको."

आणि विषय बदलला.

*

आता जे सांगतो त्याच्यावर आम्ही गॅरेजवर फारसं हसत नाही.

साहेबांना मोठे डबे गैरसोयीचे वाटायचे. म्हणून त्यांनी सगळी तेलं पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून पोर्चमध्ये ओळीने लावली होती. कोणत्या बाटलीत काय, ते डोक्यात. त्यात ब्रेकचं तेल होतं आणि पॉवर स्टेअरिंगचंही. दिसायला दोन्ही पातळ. पण स्टेअरिंगचं तेल ब्रेकमध्ये गेलं की आतली रबरं फुगतात. लगेच नाही फुगत. दोनचार दिवस घेतात, आणि तेच वाईट.

गुलाब सिल्लोडहून मिरची भरून निघाला. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला यायचं होतं. घाटाच्या सुरुवातीला चाकं जड वाटली, गरम वास आला. त्याने पाय उचलला, पुन्हा दाबला. दुसऱ्या वळणावर ब्रेक राहिलाच नाही.

तो नंतर आम्हाला सांगत होता, हळू आवाजात, "पेडल खाले गयं, ते वर उनंच नही."

पुढे एक मोटारसायकल होती, नवराबायको. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी. गुलाबने हॉर्नवरचा हात काढला नाही. गिअर एकेक करत खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि ट्रक डोंगराच्या बाजूच्या गटारात घातला. डावी बाजू खडकाला घासत घासत पन्नास-साठ पावलं गेली आणि ट्रक थांबला. मोटारसायकलवाला पुढच्या वळणावर निघून गेला. त्याला काही कळलंसुद्धा नसेल. मिरचीची दोन पोती फुटली. गुलाबला एक ओरखडा नाही.

ट्रक आमच्याकडे आणला. रशीदभाईंनी ब्रेकचा मास्टर सिलिंडर खोलला, आतली रबरं काढून फळीवर मांडली. एकेक रबर फुगून मूळच्या दीडपट झालेलं. त्या दिवशी रशीदभाईंनी एकही टोमणा मारला नाही. बावीस वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "दोन्ही तेलंच आहेत की."

गुलाब बाजूला उभा होता. त्याने खिशातून चावी काढली आणि साहेबांच्या हातात दिली.

"हाई चावी ल्या. मना घर दोन पोरी शेतस, साहेब."

आवाज चढवला नाही, काही नाही. हायवेवर जाऊन उभा राहिला आणि धुळ्याची गाडी धरून निघून गेला.

साहेब बराच वेळ त्या चावीकडे बघत बसले. चहा आला, तो निवला. उठताना फळीवरचं एक रबर उचलून खिशात टाकलं आणि गेले.

चार दिवसांनी साहेब एकटेच एसटीने धुळ्याला गेले, तिथून गुलाबच्या गावी. त्याच्या ओट्यावर दुपारभर बसले म्हणे. गुलाबची बायको बाहेर येईना. शेवटी ती बाहेर आली तेव्हा साहेब उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. तिला म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. मी ब्रेकला हात लावणार नाही. शब्द देतो."

ती म्हणाली, "आणि बाकीचं?"

हे आम्हाला गुलाबनेच सांगितलं. साहेबांनी यावर थोडा विचार केला. आणि म्हणाले, "बाकीचं बघू."

गुलाब आला परत. का आला, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ब्रेकचं काम तेवढं त्या दिवसापासून आमच्याकडे आलं. दर खेपेला गुलाब स्वतः समोर उभा राहून करून घेतो.

*

एवढ्यातली गोष्ट. डिसेंबर असेल. गुलाब ब्रेक दाखवायला ट्रक घेऊन आला. आला आहेच तर बाकीचंही बघून घेऊ म्हणून रशीदभाई खाली शिरले. आमचा नेमच झाला होता तो. साहेबांनी नवीन काय करून ठेवलंय ते शोधायचं, आणि सापडलं की चहा सांगायचा.

बराच वेळ बॅटरीचा उजेड खाली फिरत राहिला. मग म्हणाले, "अरुण, खाली ये."

मी गेलो. इंजिनाचा नट स्वच्छ पुसलेला. तेलाचा थेंब नाही. ऑइल फिल्टर नवा, त्याच्यावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेनने तारीख, किलोमीटर, आणि खाली बारीक अक्षरात "पुढचा होळीनंतर". गिअरबॉक्सच्या नटाशेजारी तशीच पट्टी. मागच्या चाकांमधल्या क्राउनला तशीच पट्टी. वर येऊन तेल मोजायची पट्टी काढून पातळी बघितली. बरोबर खुणेवर, केसाएवढा फरक नाही. कूलंट बघितलं. बरोबर. युरियाच्या टाकीच्या झाकणावर लिहिलं होतं, "पंपावरचाच".

रशीदभाई म्हणाले, "हे काम आपल्याकडचं नाही."

मी म्हटलं, "आपल्याकडचं इतकं चांगलं नसतंच."

तेवढ्यात साहेब स्कूटरवरून आले. रशीदभाईंनी विचारलं, "साहेब, या वेळी तेल कोणी बदललं?"

"मीच," साहेब म्हणाले. "मी म्हणालो नव्हतो, जमेल?"

गुलाब टायरची हवा बघत होता. मान वर न करता तो माझ्यापुरतं बोलला, "साहेब ते आठ दिन पुनाले व्हतात."

मी तारखेची पट्टी पुन्हा वाचली. तारीख त्याच आठ दिवसांतली.

दुसऱ्या आठवड्यात मेहरूणकडे काम होतं. साहेबांचा एक पाना आमच्याकडे राहिला होता, तो द्यायला बंगल्यावर थांबलो. फाटकाशी वहिनी होत्या, तुळशीला पाणी घालत. मी पाना दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, पदराला पुसला आणि कमरेला खोचला.

"बसा भाऊ, पाणी आणते."

"नको वहिनी, घाईत आहे."

"मग एक ऐकून जा." त्या फाटकापर्यंत आल्या, आणि आवाज जरा खाली आणला. "दिवाळीआधी तुम्ही इंजिनाचा नट सोडला होता ना? लावताना जुनाच वायसर परत टाकलात. आणि वर नट इतका आवळलात की मला पाइप घालून सोडावा लागला. आटे गेले असते म्हणजे? नवा वायसर टाकत जा भाऊ. एवढीशी तर वस्तू असते."

आतून साहेबांची हाक आली, "मालती, कोण आलंय?"

वहिनी मागे वळून म्हणाल्या, "कोणी नाही. गॅरेजवाले आहेत. शिकतायत."